फायबरची केबल नंतर बघा, आधी पाईप बघा!

शेतकरी बंधूंनो, विहिरीपासून मळ्यापर्यंत पाईपलाईन करायची म्हटलं की आपण काय करतो? तालुक्याच्या गावी चार दुकानं पालथी घालतो. पाईप अडीच केजीचा घ्यायचा, चारचा की सहाचा, यावर घरात दोन दिवस खल होतो. शेजाऱ्याने कोणता टाकला, किती वर्षं टिकला, सांध्यातून गळतो का, हे सगळं विचारून मगच पैसे मोजतो. चारी खणताना स्वतः कडेला उभे राहतो. मजुराने मोठा धोंडा पाईपावर ढकलला तर तिथल्या तिथे ओरडतो.

आता दुसरं चित्र बघा. एक दिवस गावाच्या साईडपट्टीला जेसीबी येतो. मागून ट्रॉलीत रंगीत पाईपाची भली मोठी भेंडोळी येतात. ‘फायबरचं काम आहे, सरकारी’ एवढंच कुणीतरी सांगतं. दोन-तीन दिवसांत चर खणला जातो, पाईप पडतो, माती लोटली जाते आणि मंडळी पुढच्या गावाला निघून जातात. पाईप कोणता होता, किती खोल गेला, खाली माती होती की दगड, हे ना सरपंचांना माहीत, ना ग्रामसेवक भाऊसाहेबांना. आपल्याला तर विचारायचंच नाही!

मग पुढे काय होतं ते सांगायला नको. ग्रामपंचायतीत पेटी बसते, दिवे लुकलुकतात, फोटो निघतात. पावसाळ्यानंतर एक दिवस दिवे बंद होतात. ‘लाईन तुटलीय’ असं उत्तर मिळतं. कुठं तुटली? तर कुणाला ठाऊक नाही. दाखला काढायला आलेल्या म्हातारीला ‘नेट नाही, उद्या या’ असं सांगितलं जातं. ती भाड्याचे पैसे घालवून परत जाते, आणि उद्या पुन्हा येते. रेशनचं यंत्र, सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळंच आता या एका केसाएवढ्या काचेवर येऊन ठेपलंय. अर्जाची शेवटची तारीख काही लाईन दुरुस्त होण्याची वाट बघत थांबत नाही. आणि ती काच सुखरूप राहायची असेल तर तिच्याभोवतीचा पाईप चांगला हवा. आजचा विषय तो आहे.

हे काम आलं कुठून?

थोडी पार्श्वभूमी सांगतो आणि पुढे जातो. गावागावांत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा तिचं नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, पुढे ‘भारतनेट’ झालं. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम ‘महानेट’ या नावाने स्वतःकडे घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. आपल्या राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. म्हणजे ज्या गावात एकदा खोदून झालं तिथे पुन्हा खोदाई होऊ शकते आणि जिथे झालंच नाही तिथे आता होऊ शकते.

सुधारित योजनेत एक गोष्ट चांगली आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी एका गावातून पुढच्या गावात अशी सरळ रेघ ओढली होती. मध्ये एके ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. आता तालुक्यापासून ग्रामपंचायतींचं वर्तुळ करायचं ठरलं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. पण वर्तुळ केलं तरी पाईप जमिनीतच पुरायचा आहे, आणि जमीन आपली आहे तशीच आहे.

पाईप कशाला हवा?

पुष्कळांचा समज असा, की पाईप म्हणजे केबलचं नुसतं पांघरूण. तसं नाही. फायबर म्हणजे शुद्ध काचेचा तंतू. वरचा लेप धरून त्याची जाडी पाव मिलिमीटर भरते. असे २४ तंतू एका केबलमध्ये असले तरी केबल बोटाएवढीच दिसते. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. केबल जोरात ओढली की काचेवर ताण येतो, आणि काटकोनात मोडली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. म्हणून बैलाच्या कासऱ्यासारखी ओढून ही केबल जमिनीत घालता येत नाही.

ती घालतात हवेने. आधी नुसता रिकामा पाईप पुरतात. नंतर एका टोकाला कॉम्प्रेसर लावून जोराची हवा सोडतात आणि तिच्याबरोबर केबल आत सरकवतात. उफणताना वारा भुसा उचलून नेतो ना, तसाच हा प्रकार. वाऱ्याची ओढ केबलच्या साऱ्या लांबीवर सारखी पडते, एकट्या टोकावर ताण येत नाही. पाईप नीट असेल तर एका दमात किलोमीटरभर केबल सहज पुढे जाते. पण पाईप कुठे चेपला असेल, सांध्यातून हवा निसटत असेल किंवा आत चिखल गेला असेल, तर केबल मध्येच अडते. मग ठेकेदाराची माणसं त्या जागी खड्डा खणतात, पाईप कापतात, केबल हाताने ओढतात आणि कशीबशी जोडून माती लोटतात. पुढच्या दहा वर्षांचं दुखणं त्या खड्ड्यात पुरलं जातं.

दुसरी गोष्ट. पाईप चांगला असेल तर उद्या केबल खराब झाली तरी पुन्हा चर खणावा लागत नाही. जुनी काढायची, नवी फुंकायची. जमिनीखालच्या फायबरच्या कामात मोठा खर्च खोदाईचा असतो, हे पाईपलाईन केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चाळीस-तेहेतीसचा हिशोब

भारतनेटच्या कामात जो पाईप नेमून दिला आहे त्याला पीएलबी डक्ट म्हणतात. घन पॉलिथिनचा, म्हणजे आपल्या एचडीपीईचाच हा भाऊ. फरक एवढाच, की याच्या आतल्या अंगाला वंगणाचा एक पातळ, घट्ट थर कारखान्यातच बसवलेला असतो. हा थर तेलासारखा वाहून जात नाही किंवा वाळत नाही. बोट घालून बघा, साबण लावल्यासारखं निसटतं लागलं पाहिजे. कापलेल्या तोंडाशी नीट पाहिलं तर बऱ्याचदा तो थर वेगळ्या रंगाचा दिसतोही.

याचं माप ४०/३३ असं लिहितात. बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३३ मिलिमीटर. वजाबाकी केली तर सात उरतात, म्हणजे भिंत साडेतीन मिलिमीटरची. ठिबकच्या कामाला वापरता ती साधी पट्टी खिशात असली तरी हे मोजता येतं. आपल्या पाण्याच्या चार किंवा सहा केजीच्या चाळीसच्या पाईपाची भिंत याहून पातळ असते. पाण्याच्या पाईपाला आतून बाहेर दाब सोसायचा असतो. डक्टच्या नशिबी बाहेरून आत येणारं ओझं असतं: माती, धोंडे, वरून जाणारी उसाची ट्रॉली. म्हणून ‘काळा पाईप सगळा सारखाच’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पाण्याचा पाईप टाकून डक्टचं बिल काढायला जागा नको.

पाईपाच्या अंगावर कंपनीचं नाव, माप, तयार झाल्याचं वर्ष आणि मीटरचे चढते आकडे छापलेले असतात. आकड्यांचा दुहेरी उपयोग आहे. चराच्या सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा लिहून ठेवला की किती मीटर पाईप खरोखर जमिनीत गेला ते कळतं. छपाईच नसेल, तर तो पाईप आला कुठून हे आधी विचारा.

भंगाराच्या प्लॅस्टिकपासून पुन्हा केलेला माल आपल्याकडे पाण्याच्या पाईपांतही येतो. हा माल हाताला खरखरीत लागतो, जळकट वास मारतो, वाकवला की पांढरट चिरा पडतात. एक सोपी परीक्षा सांगतो. पाईपाचा बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. घन पॉलिथिन पाण्याहून किंचित हलकं, ते तरंगतं. पावडर मिसळून वजन वाढवलेला माल किंवा पीव्हीसी बुडतो. तरंगला म्हणजे उत्तमच असं नव्हे, पण बुडाला तर नक्की शंका घ्या.

पीव्हीसी का नको? आणि बाकीचे पाईप कुठे?

काहीजण विचारतात, पीव्हीसी ताठ असतो, दिसायला मजबूत, स्वस्त पडतो, मग तो का नाही? हिशोब करून बघा. पीव्हीसीची नळी सहा मीटरची. एका किलोमीटरला १६६-१६७ नळ्या, आणि तेवढेच सांधे. प्रत्येक सांध्याला सोल्युशन. एका जरी सांध्यात सोल्युशनचा गोळा आत राहिला तर केबलची नाकाबंदी झालीच म्हणायची. डक्टचं भेंडोळं किलोमीटरभराचं मिळतं. एका किलोमीटरात एखादा सांधा, तोही आटे घट्ट करून बसवायच्या कपलरचा. शिवाय जमीन हलली की पीव्हीसी तडकतो, पॉलिथिन वाकून घेतं. काळ्या जमिनीत हा मुद्दा फार मोठा आहे, त्याकडे येतोच.

डीडब्ल्यूसी नावाचा एक पाईप तुम्ही पाहिला असेल. बाहेरून वळ्यावळ्यांचा, आतून गुळगुळीत, वजनाला हलका पण चेपायला कठीण. हा डक्टच्या ऐवजी वापरायचा नसतो, डक्टच्या वरून घालायचा असतो. रस्ता ओलांडताना, मोरीजवळ, किंवा कातळामुळे पुरेशी खोली मिळत नाही तिथे डक्ट याच्या आतून नेतात. जिथे खोली अगदीच कमी, तिथे त्यावर काँक्रीटही टाकावं लागतं. घरातल्या विजेच्या कामाला वापरतात तो लवचिक, आतूनही वळ्यांचा पाईप मात्र या कामाला मुळीच चालत नाही. केबलचं टोक प्रत्येक वळीला अडखळतं.

जीआय पाईप पुलावर. ओढ्याच्या फरशी पुलाला किंवा मोरीला खालून पुरता येत नाही, तिथे कठड्याला क्लॅम्पने जीआय पाईप बांधून त्यातून डक्ट नेतात. मजबूत आहे, शंका नाही. पण लोखंड उघड्यावर दिसलं की चोरांची नजर जाते. पाईप कापला तर आतली केबलही जाते. पुलाच्या दोन्ही टोकांना, जिथे जीआय संपून डक्ट जमिनीत शिरतो, ती जागा सगळ्यात नाजूक. पुराच्या पाण्याने तिथली माती धुपून जाते आणि डक्ट लोंबकळत राहतो. त्या दोन्ही ठिकाणी दगड-काँक्रीटचं बांधकाम केलंय का, एवढं तरी बघाच. मोठा डांबरी रस्ता असेल तर तो न फोडता यंत्राने खालून आडवं भोक पाडून पाईप नेता येतो. खर्च जास्त, पण रस्ता शाबूत राहतो.

जमीन बघून काम

पुस्तकातला पाईप कितीही चांगला असला तरी तो शेवटी आपल्या मातीत जायचा. विदर्भ, मराठवाड्याची भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिल-मेमध्ये त्या भेगांत काठी घातली तर हातभर आत जाते. माती फुगते-आक्रसते तेव्हा ती पाईपालाही ओढते. उथळ पुरलेला पाईप तीन-चार वर्षांत सांध्यातून निसटलेला सापडतो. म्हणून काळ्या जमिनीत खोली कमी करून चालत नाही, आणि पाईप वीणेच्या तारेसारखा ताणून टाकायचा नसतो. थोडा नागमोडी, सैल पडू द्यावा.

खोलीचं म्हणाल तर फायबरच्या या कामात १६५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट खोली नेमून दिलेली असायची. एवढं खोल कशाला, असं वाटतं. पण बघा: नांगर फूटभर जातो, सबसॉयलर दोन फुटांच्या आसपास, पाण्याच्या पाईपाची चारी तीन फूट, आणि जेसीबीचं बकेट चार फूट हसत-हसत खणतं. या सगळ्यांच्या खाली राहायचं तर साडेपाच फूट हवेतच. तुमच्या गावच्या कामाच्या करारात जी खोली लिहिली असेल ती मागून घ्या आणि टेपने मोजा. चर बुजल्यावर मोजणार कसं?

पश्चिमेकडच्या पट्ट्यात आणि डोंगराळ भागात अडचण उलटी. दोन फुटांवर मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. ब्रेकर लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. ठेकेदाराला मीटरवर पैसे, त्याचा जीव घाईत. दोन-अडीच फुटांवर पाईप टाकून वर तोच फोडलेला दगड लोटायचा मोह होतो. इथेच घात होतो. ब्रेकरने फोडलेल्या दगडाच्या धारदार कपच्या पाईपाला टोचत राहतात. पाईप लगेच फुटत नाही. वरून वाहनं जातात, कपची हळूहळू रुतते, आणि सहा महिन्यांनी केबल फुंकायला आलेले लोक ‘पाईप ब्लॉक आहे’ म्हणून डोकं धरून बसतात. कातळात खोली मिळत नसेल तर कमी खोली समजू शकते, पण मग तिथे डीडब्ल्यूसी किंवा जीआयचं कवच आणि काँक्रीट हवं. सगळीकडेच पाईपाच्या खाली-वर चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा थर हवा, दगड त्याच्या वर. विहिरीच्या पाईपलाईनला आपण हेच करतो की नाही?

पाईप आणि वरची माती यांच्यामध्ये इशाऱ्याची रंगीत प्लॅस्टिक पट्टी टाकतात. पुढे कुणी खणायला लागला तर आधी पट्टी हाती लागते आणि माणूस थबकतो. मामुली वस्तू, पण ती वाचवायलाही लोक टपलेले असतात.

आणि हो, पाईपाची तोंडं. रात्री काम थांबवताना तोंडाला बूच लावलं पाहिजे. उघडं तोंड म्हणजे चिखल, बेडूक, मुंग्या आणि उंदीर-घुशींना आमंत्रण. केबल घातल्यावरही चेंबरमध्ये पाईपाचं तोंड सीलबंद हवं.

चर बुजायच्या आत

सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेब (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) यांच्यासाठी हे खास. ठेका ग्रामपंचायतीचा नसतो, बिलावर तुमची सही लागतेच असंही नाही. म्हणून ‘आपल्याला काय अधिकार?’ असं म्हणून बसू नका. गावातल्या रस्त्यात, गायरानात खोदायचं तर परवानगीचा अर्ज तुमच्याकडे येतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली केलेले मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यात अर्जाला मुदत आहे. मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी दिली असंच समजलं जातं. म्हणजे अर्ज फायलीत दाबून ठेवून काही साधत नाही, उलट अटी घालायची संधी जाते. अर्ज आला की लगेच बैठक घ्या. रस्ता पूर्ववत करून देणे, खोली, मार्गाचा नकाशा आणि सुरुवात-शेवटचे मीटरचे आकडे ग्रामपंचायतीला लेखी देणे, या गोष्टी परवानगीच्या पत्रातच लिहा.

खाजगी शेतातून लाईन न्यायची असेल तर आधी मालकाशी बोलणी आणि करार. पाईप गेला म्हणून जमिनीवर कंपनीचा मालकी हक्क लागत नाही, फक्त वापरापुरता हक्क असतो. हे कायद्यातच म्हटलं आहे. तेव्हा ‘उद्या सातबाऱ्यावर नाव चढवतील’ या भीतीने काम अडवू नका, आणि कराराशिवाय जेसीबी बांधाच्या आतही येऊ देऊ नका.

चर बुजवण्याआधी दोन परीक्षा होतात का, ते विचारा. एक, पाईपाचं एक तोंड बंद करून दुसरीकडून हवा भरायची आणि दाब उतरतो का बघायचा. ट्रॅक्टरच्या ट्यूबला पंक्चर बघतो तसं. दोन, आतल्या व्यासाच्या साधारण ८० टक्के जाडीचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा हवेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठवायचा. ठोकळा बाहेर आला तर पाईप कुठे चेपला नाही, अडकला तर तिथे दोष आहे. ठोकळा बाहेर पडताना बघायला गावचे दोन शहाणे लोक उभे असले तर कुणाचं काही बिघडत नाही. ठेकेदाराचा माणूस प्रामाणिक असेल तर तो उलट खूश होतो.

जमलं तर आणखी एक मागणी लावून धरा. एवढा चर खणलाच आहे, तर त्यात एक जादा रिकामा डक्ट टाकून ठेवा. उद्या शाळेला, दवाखान्याला, सोसायटीला किंवा दूध डेअरीला वेगळी लाईन हवी झाली तर पुन्हा रस्ता फोडायला नको. प्रत्येक वेळी मान्य होईलच असं नाही. पण मागितल्याशिवाय कोण देतं?

खोदाईचं दुसरं टोक आपल्याकडेच आहे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं आणि गावोगाव नळाच्या पाईपांसाठी चाऱ्या निघाल्या. पाण्याची लाईन टाकताना फायबर तोडायचं आणि फायबर टाकताना पाण्याची लाईन फोडायची, हा खेळ आपण पुष्कळ पाहिला. यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं मोबाईल ॲप आणलं. खोदणाऱ्याने जागा त्यात नोंदवली की जमिनीखाली ज्यांच्या लाईनी आहेत त्यांना सूचना जाते. ग्रामपंचायतीने गटाराचं, नळाचं, रस्त्याचं काम काढताना कार्यारंभ आदेशातच ही अट टाकली तर जेसीबीवाल्याला पळवाट राहत नाही. चोरांसाठीही एक बातमी गावात पसरवून द्या: या केबलीत तांबं नाही, भंगारवाला तिला विचारतही नाही.

खांबावरून नेली तर?

भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात काही ठिकाणी केबल विजेच्या खांबांवरून नेली. लवकर होते, स्वस्त पडते, तुटली तर डोळ्यांनी दिसते आणि तासाभरात जोडता येते. हे फायदे खरे आहेत. पण वादळवारा आहे, फांद्या आहेत, आणि ऊसपट्ट्यात तर ट्रॉलीवर उसाचे असे मनोरे रचतात की सखल लोंबणारी केबल त्यात अडकणारच. डोंगराळ, कातळाच्या वाड्या-वस्त्यांना खांब हा व्यवहारी मार्ग आहे, माझं त्याला ना नाही. मुख्य गावाची लाईन मात्र जमिनीखालूनच हवी.

मळ्यातल्या वस्तीवर न्यायची असेल तर

आता थोडं स्वतःच्या कामाचं. पुष्कळांची घरं मळ्यात आहेत. गोठा आहे, पोल्ट्री आहे, कॅमेरे बसवायचेत, पोरांचा अभ्यास आहे. गावातून वस्तीपर्यंत फायबर घ्यायचं तर केबल कंपनी देते, पण बांधावरची चारी आणि पाईप बहुधा आपल्यालाच बघावा लागतो. तिथे पीएलबी नसला तरी चालतो. ३२ मिलिमीटरचा चांगला एचडीपीई पाईप भेंडोळ्यात आणा. पाण्याच्या कामातली एक सवय मात्र इथे सोडा: एल्बो लावू नका. पाणी काटकोनात वळतं, काच वळत नाही. वळण घ्यायचं तर बैलगाडी वळवतो तसं ऐसपैस घ्या. साधारण शंभर मीटरवर आणि प्रत्येक मोठ्या वळणावर एक छोटा चौकोनी खड्डा विटांनी बांधून ठेवा, केबल तिथून ओढून पुढे देता येते.

मोटारीची वायर आणि फायबर एकाच पाईपात घालू नका. काचेतून वीज जात नाही हे खरं, पण घरापर्यंत येणाऱ्या केबलीत ताण सोसायला बऱ्याचदा पोलादी तार असते, आणि तिच्यातून वीज जाते. दोन्हींसाठी वेगळे पाईप, आणि मध्ये अंतर.

चारी शेताच्या मधून न नेता बांधाच्या कडेने न्या, नांगराच्या टप्प्याबाहेर आणि दोन-अडीच फूट खोल. पाईप जिथे जमिनीबाहेर येतो तिथे पाचट जाळू नका, पॉलिथिनला तेवढी धग पुरते. पाईप टाकतानाच आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. भेंडोळ्यात दोरी जात नसेल तर युक्ती आहे: बारीक सुतळीच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी पिशवी बांधा, ती पाईपाच्या तोंडात कोंबा आणि मागून ब्लोअरची हवा सोडा. पिशवी सुतळी घेऊन पलीकडून बाहेर येते, मग सुतळीला दोरी बांधून ओढायची. केबल ओढायला माणूस येईल तेव्हा त्याला सांगा की याच दोरीबरोबर दुसरी दोरीही आत जाऊ दे, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल.

काम झालं की दोन्ही तोंडं एमसीलने बंद करा. चारी बुजवण्याआधी विहीर, विजेचा खांब, आंब्याचं झाड, अशा न हलणाऱ्या दोन-दोन खुणांपासून पाईपाचं अंतर पावलांनी नको, टेपने मोजा, कागदावर साधा नकाशा काढा, आणि तो सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवा.